तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या कॅसेटी कंप्युटरवर घ्यायला सॉफ्टवेअर कुठलं?

माळा आवरताना कॅसेटींचा डबा हाती लागतो. आजीच्या ओव्या, कुणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टका, गावच्या सप्ताहातलं कीर्तन. मग हमखास हा प्रश्न येतो: हे कंप्युटरवर घ्यायला कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

उत्तर एका शब्दाचं आहे. ऑडॅसिटी. फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पण कॅसेटचा आवाज सुधारतो की बिघडतो, हे सॉफ्टवेअरमध्ये ठरतच नाही. ते ठरतं टेपरेकॉर्डरच्या हेडपाशी, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागापाशी. तिथे जे निसटलं, ते पुढे कुठलाही फिल्टर परत आणत नाही. त्यामुळे या उत्तरात ऑडॅसिटीपेक्षा स्क्रू ड्रायव्हर जास्त आहे.

पहिलं काम एका मिनिटाचं, आणि नेमकं तेच राहून जातं. कॅसेटच्या पाठीवर, म्हणजे फीत दिसते त्याच्या विरुद्ध कडेला, दोन टोकांना प्लास्टिकचे दोन छोटे पत्रे असतात. ते पेनाच्या टोकाने मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते खाली जात नाही. हे न करता जुन्या टू-इन-वनवर कॅसेट लावणं म्हणजे आजीच्या ओव्यांवर पंख्याची घरघर भरून घेण्याची तयारी.

वाजवायचं कशावर? वॉकमनसारखे दिसणारे, यूएसबीची वायर असलेले स्वस्त प्लेअर ऑनलाइन मिळतात. ते घेऊ नका. आतली यंत्रणा हलकी असते, वेग डळमळतो, आणि लांबवलेला सूर थरथरतो. घरात पडलेला जुना टेपरेकॉर्डर किंवा डेक नवा बेल्ट टाकून चालू होत असेल, तर तोच बरा. बेल्ट वर्षानुवर्षं पडून राहिला की सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. जुन्याच्या मापाचा, किंचित लहान, चौकोनी काटछेदाचा बेल्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत शोधा. चिकटा पुलीवरून पूर्ण पुसल्याशिवाय नवा चढवू नका, नाहीतर तोही घसरेल.

हेड, कॅपस्टनची चकचकीत दांडी आणि तिला चिकटून फिरणारा रबरी रोलर, या तीन गोष्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. काडीवर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत पुसायचं. अत्तर किंवा डिओ चालत नाही, त्यांचा थर मागे राहतो. रोलर घाण असेल तर फीत त्याच्याभोवती गुंडाळली जाते. टेप कॅसेट ‘खातो’ ते यामुळेच बऱ्याचदा.

आता कॅसेटकडे बघा. खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत हे नेहमीचं. अशी कॅसेट तशीच लावली तर भुकटी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते, म्हणून ती वेगळी काढा आणि सगळ्यात शेवटी हाताळा. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेलं रीळ मोकळं होतं. फितीच्या मागे, मधोमध, तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा फेल्टचा तुकडा असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुकून तो गळाला असेल तर आवाज उशीतून आल्यासारखा येतो. टाकाऊ कॅसेटमधली पट्टी काढून लावली की काम होतं. पाच स्क्रूंची कॅसेट सरळ उघडते. जोडून सीलबंद केलेली असेल तर सांध्यावर पातळ पातं घालून उकलावी लागते, आणि दोन्ही रिळं स्क्रूवाल्या रिकाम्या खोक्यात हलवावी लागतात. तुटलेली फीत साध्या सेलोटेपने जोडू नका. त्याचा डिंक पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटवतो. स्प्लायसिंग टेप, म्हणजे फीत जोडायची खास पट्टी, मिळवा.

सगळ्यात जास्त फरक पाडणारा स्क्रू मात्र हेडच्या बाजूला असतो. हेड दोन स्क्रूंवर बसलेलं असतं, त्यातल्या एकाखाली बारीक स्प्रिंग दिसते. हा स्प्रिंगवाला स्क्रू हेडचा कल ठरवतो. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचा कल वेगळा होता आणि तुमच्या मशीनचा वेगळा आहे, तर वरचे सूर नाहीसे होतात. झांजा बोथट, ‘स’ आणि ‘श’ गुळमुळीत. आधी स्क्रूच्या मूळ जागेवर पेनाने खूण करा. कॅसेट चालू ठेवा, ट्रेबल पूर्ण वाढवा, हेडफोन लावा, आणि बारीक फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने तो हळूहळू फिरवा. पाव फेऱ्याच्या आतच ती जागा सापडते: मळभ दूर होऊन झांजा एकदम लखलखतात, आणि थोडं पुढे गेलं की पुन्हा बोथट होतात. त्या शिखरावर थांबायचं. प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा करायचं, कारण प्रत्येकीचं रेकॉर्डिंग वेगळ्या मशीनवर झालेलं असतं. कंटाळा आला तरी हे टाळू नका. इतर सगळं टाळलंत तरी चालेल.

मग वायर. लॅपटॉपला आवाजासाठी बहुधा एकच भोक असतं, आणि त्यातून आवाज आत घ्यायची सोय माइकच्या मोनो, कमकुवत सिग्नलसाठी केलेली. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून तिथे जोडली की आवाज फाटतो. अंगठ्याएवढी स्वस्त यूएसबी साउंड कार्डंही बहुतेक माइकचीच असतात. घेताना ‘लाइन इन’, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा जोरकस सिग्नल घेणारं भोक, लिहिलंय का बघा. घरात जुना डेस्कटॉप असेल तर त्याच्या मागचं फिकट निळं भोक हेच लाइन इन, पैसे वाचले. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा.

ऑडॅसिटीत ४४,१०० हर्ट्झ, स्टिरिओ ठेवा. टेपचा व्हॉल्यूम असा लावा की सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, तेव्हा लॅपटॉपचं झोपी जाणं आधी बंद करा. मधे गाणं किंवा बोलणारा बदलला की कंट्रोल आणि एम दाबून खूण टाका. नंतर त्या खुणांवरून एका फटक्यात वेगळ्या फायली निघतात.

आवाज जाड किंवा चिरका वाटतो, म्हणजे वेग चुकलाय, पण नक्की किती? वेग तपासायची एक गमतीदार युक्ती आहे. विजेवर चालणाऱ्या टेपवर रेकॉर्ड झालेल्या बऱ्याच कॅसेटींत विजेची हलकी गुणगुण उतरलेली असते, आणि आपली वीज ५० हर्ट्झची. यासाठी तुमचा टेप सेलवर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर आजची गुणगुण मिसळेल. कुणी बोलत नसलेला तुकडा निवडा, कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती आवाज आहे हे दाखवणारा ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइझ ६५,५३६ करा. शिखर ५० ऐवजी ४८.५ ला दिसलं, तर फीत तीन टक्के हळू चालली आहे. ‘चेंज स्पीड अँड पिच’मध्ये ३.१ टक्के टाका. पूर्वी विजेची फ्रीक्वेन्सी आजच्याइतकी स्थिर नसे, त्यामुळे टक्का-दोन टक्के इकडेतिकडे धरा. पेटी वाजत असेल तर शेवटचा निवाडा तिचाच: पट्टी दोन स्वरांच्या मधे लटकत असेल, तर वेग अजून चुकलेला आहे.

खरखर काढायला ‘नॉइज रिडक्शन’ आहे. नुसती खरखर असलेली दोन-तीन सेकंदं निवडून प्रोफाइल, म्हणजे खरखरीचा नमुना, घ्या, मग सगळं निवडून ६ ते ९ डेसिबल. वीसवर नेलंत तर आजी विहिरीच्या तळातून बोलते. थोडी खरखर राहू द्या, कानाला तिची सवय आहे.

साठ मिनिटांची वेव्ह फाइल सुमारे ६०० एमबी होते. मूळ प्रत खरखर न काढता फ्लॅकमध्ये ठेवा, आकार बराच कमी होतो आणि आवाज जराही बदलत नाही. फॅमिली ग्रुपवर पाठवायला एमपी३ पुरे. फाइलला ‘साइड ए’ असं नाव देऊ नका; वर्ष, गाव, कोण बोलतंय हे नावातच घाला. कॅसेटच्या कागदावरचं हस्ताक्षर दोन्ही बाजूंनी मोबाईलवर टिपून त्याच फोल्डरमध्ये टाका. आणि आवाज कुणाचा आहे हे ओळखू शकणारं माणूस घरात असेल, तर ती फाइल त्यांना या आठवड्यातच ऐकवा.