बर्लिन, ऑन्टारियो : ११८व्या बटालियनच्या फायली (नोंद तिसरी)

मंडळी, मागच्या नोंदीनंतर चार महिने गेले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इकडे बर्फ असतो, दफनभूमीत जाऊन दगड वाचता येत नाहीत, म्हणून या काळात घरात बसून फक्त कागद वाचले. २१२ फायली झाल्या. एक मोठी चूक दुरुस्तही केली, त्याबद्दल पुढे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. मी राहते ते कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातलं किचनर शहर ३१ ऑगस्ट १९१६ पर्यंत बर्लिन होतं. पेनसिल्व्हेनियातून आलेले मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ), त्यांच्यामागून जर्मनीतून आलेले सुतार, चर्मकार, बटणं आणि फर्निचर बनवणारे कारागीर यांनी वसवलेलं गाव. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बहुसंख्य वस्ती जर्मन वंशाची. १९१५ च्या अखेरीस इथे कॅनडाच्या सैन्याची ११८वी (नॉर्थ वॉटर्लू) बटालियन उभी करायला घेतली, आणि त्यानंतरचं वर्ष या गावाने फार वाईट काढलं. नामांतराची गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक असते. मला हवी आहेत ती बटालियनमधली माणसं. प्रत्येकाचं एक कार्ड करायचं: जन्मगाव, धर्म, धंदा, जवळचा नातेवाईक, आणि पुढे त्याचं काय झालं.

नोव्हेंबर

सुरुवात छापील नावनिशीवरून केली होती. ती जहाजावर चढलेल्यांचीच यादी. आजारी म्हणून, वय कमी म्हणून किंवा पळून गेला म्हणून ज्याचं नाव आधीच कमी झालं, तो तिच्यात सापडत नाही. पूर्ण बटालियनला हजाराच्या आसपास माणसं लागत. ११८वी जानेवारी १९१७ मध्ये इंग्लंडला निघाली तेव्हा ती त्याच्या जवळपासही नव्हती. म्हणजे नुसत्या नावनिशीवर भिस्त ठेवली तर निम्मी गोष्ट हातातून जाते.

म्हणून पद्धत बदलली. ११८वीला मिळालेले शिपाई क्रमांक ७५१००१ पासून सुरू होतात. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धाच्या ६ लाखांवर फायली स्कॅन करून सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत आणि क्रमांकावरून शोध घेता येतो. एकेक आकडा टाकत पुढे जायचं. काही आकड्यांवर काहीच निघत नाही, काहींवर चाळीस पानांची फाइल उघडते. कंटाळवाणं आहे खरं, पण गळलेली माणसं याच वाटेने परत येतात. ज्यांना आपल्या गावच्या बटालियनवर काम करायचंय त्यांनी याच पद्धतीने करावं, असं मी आग्रहाने सांगेन.

डिसेंबर

आता चुकीबद्दल. पहिल्या साठेक कार्डांवर जन्मगावाच्या रकान्यात मी नुसतं ‘बर्लिन’ लिहीत गेले. कागदावर कारकुनाने ‘बर्लिन, ऑन्ट.’ लिहिलेलं, कुठे नुसतं ‘बर्लिन’, आणि नंतर भरलेल्या एखाद्या तक्त्यात त्याच माणसापुढे ‘किचनर’. एक्सेलमध्ये मोजायला गेले तर एकच गाव तीन गावं होऊन बसलं, शिवाय जर्मनीतल्या बर्लिनचा संशय वेगळाच. साठही फायली पुन्हा उघडल्या. आता तीन रकाने केलेत: कागदावर जसं आहे तसं, माझं वाचन, आणि तो कागद कोणत्या तारखेचा. १ सप्टेंबर १९१६ च्या आधीचा की नंतरचा, एवढं पाहिलं की अर्धा गुंता सुटतो. मूळ शब्द सुधारून लिहायचा नाही, हा धडा मोडी कागद वाचणाऱ्यांनी मला आधीच दिला होता, मी तो इथे लावला नव्हता.

या फायलींमधला मला सगळ्यात बोलका वाटणारा कागद म्हणजे भरतीचा, अटेस्टेशन पेपर. पुढच्या बाजूला प्रश्न: नाव काय, जन्म कुठला, जवळचा नातेवाईक कोण, धंदा काय, लग्न झालंय का, देवी टोचून घ्यायला तयार आहेस का. मागे डॉक्टरची पाहणी: उंची, छाती, वर्ण, डोळे, केस, अंगावरच्या खुणा. तिथेच धर्माची छापील यादी आहे. चर्च ऑफ इंग्लंड, प्रेस्बिटेरियन, वेस्लियन, बॅप्टिस्ट, रोमन कॅथलिक, ज्यू. लुथरन मात्र त्यात नाही. ज्या गावात लुथरन चर्चचा एवढा दबदबा, तिथल्या पोराला ‘इतर प्रॉटेस्टंट’ या ओळीपुढे आपला पंथ हाताने लिहून घ्यावा लागे. शिखासाठी तर ओळच नव्हती. हे सांगते कारण पुढे त्याचा संबंध येतो.

पगाराची कार्डंही चुकवू नका. शिपायाला दिवसाला १ डॉलर आणि वर १० सेंट भत्ता. त्यातला किती वाटा दरमहा आईला किंवा बायकोला लावून दिला, तो पत्ता कधी आणि कितीदा बदलला, हे सगळं त्या कार्डावर असतं. घर कसं चाललं असेल याचा अंदाज त्यावरून येतो. पत्ता बदलला म्हणजे बहुतेकदा भाडं परवडेनासं झालं असावं, असं मला वाटतं, पण ते सिद्ध करायला शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या (रहिवाशांच्या पत्त्यांची पुस्तकं) ताडून पाहाव्या लागतील.

जानेवारी

हा महिना वर्तमानपत्रांत गेला. किचनरच्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाची ग्रेस श्मिट खोली आहे, तिथे मायक्रोफिल्मची रिळं लावून बसले. १९१६ चं वर्ष सलग वाचलं की अंगावर येतं. १५ फेब्रुवारीला ११८वीचे शिपाई कॉनकॉर्डिया या जर्मन क्लबात घुसले, आतलं सामान रस्त्यावर आणून जाळलं आणि जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म पहिल्याचा अर्धपुतळा उचलून नेला. हा पुतळा १८९७ मध्ये व्हिक्टोरिया पार्कात बसवला होता. ऑगस्ट १९१४ मध्ये पोरांनी तो तळ्यात ढकलला होता, मग काढून क्लबात ठेवला होता. मार्चमध्ये लुथरन पाद्री टापर्ट यांना शिपायांनी घरातून ओढून रस्त्यावरून फरफटत नेलं. ते गाव सोडून गेले.

१९ मेला मतदान झालं. नाव बदला म्हणणारे १,५६९, बदलू नका म्हणणारे १,४८८. फरक ८१ मतांचा. नवं नाव काय ठेवायचं यावरची पहिली यादी लोकांनी हसण्यावारी नेली, दुसऱ्या यादीत ब्रॉक, कोरोना, ॲडानॅक (कॅनडा उलटं वाचा) अशी नावं होती. तेवढ्यात ५ जूनला लॉर्ड किचनर स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांजवळ बोटीसह बुडाले आणि त्यांचं नाव यादीत आलं. आपल्याकडे कर्झनशी भांडून त्यांना राजीनामा द्यायला लावणारे सरसेनापती म्हणून ज्यांची ओळख, तेच हे. दुसऱ्या मतदानात ८९२ जणच आले. किचनरला ३४६ मतं, ब्रॉकला ३३५. मे महिन्यात तीन हजारांवर मतं पडली होती, जूनमध्ये त्यातले दोन हजारांहून जास्त लोक घरी बसले. या घरी बसण्यात मला या गावाचा राग सगळ्यात स्पष्ट दिसतो.

आणि नावनिशी पुन्हा उघडली तर ११८वीतही जर्मन आडनावं आहेत. म्हणून मी म्हणते की ‘शिपाई विरुद्ध गाव’ ही मांडणी अपुरी आहे. कोणाच्या घरात दोन्ही होतं, हे कार्डं पुरी झाल्याशिवाय सांगता येणार नाही.

‘बर्लिनर जुर्नाल’ या जर्मन साप्ताहिकासाठी फ्राक्टूर ही जुनी जर्मन लिपी शिकते आहे. ती छापील आहे, तरी पहिले आठ दिवस लांब एस आणि एफ यांतला फरक कळेना, मोठा बी आणि मोठा व्ही तर अजून फसवतात. मोडी शिकताना जशी अक्षरांची स्वतःची तक्तेवही केली होती, तशी इथेही करते आहे. १९१८ च्या शरदात कॅनडा सरकारने शत्रूच्या भाषेतली वर्तमानपत्रं बंद केली, त्यामुळे वाचायचा मजकूर तिथे थांबतो.

फेब्रुवारी

आकडेवारीतली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १९११ च्या जनगणनेत कॅनडाभर सुमारे ४ लाख ३ हजार लोकांनी आपला वंश जर्मन सांगितला होता, १९२१ मध्ये सुमारे २ लाख ९५ हजारांनी. माणसं कुठे गेली नाहीत, उत्तर बदललं. म्हणून मी कार्डावर आता वडिलांच्या आडनावाचं भरतीच्या कागदावरचं स्पेलिंग आणि १९११ च्या जनगणनेतलं स्पेलिंग शेजारी शेजारी लिहिते.

बटालियनबाहेरची एक फाइल मुद्दाम वाचली: शिपाई बक्कम सिंग. पंजाबातल्या माहिलपूरचे, १९१५ मध्ये ऑन्टारियोत स्मिथ्स फॉल्सला भरती, पुढे २०व्या बटालियनमधून फ्लँडर्सला (बेल्जियममधली युद्धभूमी), १९१६ मध्ये दोनदा जखमी. मग क्षय झाला. २७ ऑगस्ट १९१९ ला किचनरमध्येच वारले आणि माउंट होप दफनभूमीत आहेत. वरच्या त्या छापील धर्मयादीसमोर उभा राहिलेला हा माणूस माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे, हे मला इथे आल्यावर कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला वुडलँड दफनभूमी आहे. दोन्ही महायुद्धांत कॅनडात कैदेत मेलेल्या १८७ जर्मनांना १९७० च्या सुमारास देशभरातून इथे आणून पुरलं. जागा म्हणून हेच गाव निवडलं गेलं.

बर्फ वितळला की एप्रिलमध्ये दोन्हीकडे जाऊन दगडांचे फोटो काढीन, सकाळच्या तिरप्या उन्हात, म्हणजे झिजलेली अक्षरं उठून दिसतात. तोवर पुढचे शिपाई क्रमांक. तुमच्यापैकी कोणाला जुनं हस्तलिखित जर्मन, कुरेंट, वाचता येत असेल तर चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींची अकरा पानं अडून आहेत, ती पाठवते.