तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला मँडरिन इमर्शन शाळेत घातलं, त्याचं काय झालं

मंडळाच्या गणपतीत, पार्कात, कुणाच्या बारशाला आणि आता तर ओळखीच्यांच्या ओळखीतून थेट फोनवर सुद्धा, प्रश्न तोच येतो. तुम्ही दोघंही डोंबिवलीचे, घरात मराठी, चायनीजचं एक अक्षर येत नाही, मग लेकीला मँडरिन इमर्शनच्या (म्हणजे बहुतेक शिकवणं मँडरिन चायनीजमधूनच होतं अशा) प्रायव्हेट शाळेत का घातलंत, एवढी फी भरून वसूल होतं का, आणि तिच्या मराठीचं काय? विचारणारे बहुतेक इथले सॅन फ्रान्सिस्को बे एरियातले आईबाप असतात, मूल चार वर्षांचं झालेलं असतं आणि किंडरगार्टनचा निर्णय तोंडावर आलेला असतो. गर्दीत नीट बोलणं होत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थेट उत्तर देते. पाचवीपर्यंत ठेवायची तयारी असेल, पैशांची आणि मनाचीही, तर जरूर घाला. दोन वर्षं बघू आणि मग पब्लिक शाळेत टाकू असं डोक्यात असेल तर नका घालू, खरंच नका.

कारण पहिली दोन वर्षं मूल नुसतं ऐकत असतं. त्याला सगळं कळतं, लाओशी (शिक्षकांना सगळे असंच म्हणतात) सांगतील ते करतं, गाणी म्हणतं, घरी येऊन आकडे म्हणून दाखवतं आणि आपल्याला वाटतं वा, आली भाषा. पण ती अजून मुरलेली नसते. आमच्या लेकीच्या वर्गातली जी मुलं पहिली-दुसरीनंतर सोडून गेली ती अजून वाढदिवसांना भेटतात, त्यांना आता नमस्कार आणि आभार यापलीकडे फारसं काही आठवत नाही. तेवढे पैसे त्या आईबापांनीही भरलेच होते ना.

आता “तुम्हाला येत नाही मग कसं” याबद्दल. ही पद्धत मुळात ज्यांच्या घरात ती भाषा नाही अशांसाठीच निघालीय. १९६५ मध्ये कॅनडात, मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणारे पालक शाळा बोर्डाच्या मागे लागले आणि त्यांनी किंडरगार्टनचा एक वर्ग पूर्ण फ्रेंचमधून सुरू करून घेतला, कारण क्वेबेकमध्ये राहून, शाळेत फ्रेंचचा तास असून मुलांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. मॅकगिल युनिव्हर्सिटीचे वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी त्या मुलांच्या चाचण्या पुढे कित्येक वर्षं घेत राहिले. मग १९७१ मध्ये आपल्या कॅलिफोर्नियात, कल्व्हर सिटीत स्पॅनिशचा असाच वर्ग निघाला. कॅनडातल्या त्या अभ्यासांतून तीन गोष्टी निघाल्या, सुरुवातीला इंग्रजी वाचन मागे पडतं पण शाळेत इंग्रजी शिकवायला लागले की भरून निघतं, नवी भाषा ऐकून-वाचून समजण्यात मुलं फार पुढे जातात, आणि बोलण्या-लिहिण्यात मात्र ती भाषा घरी बोलणाऱ्या मुलांइतकी होत नाहीत. या तिन्ही गोष्टी आमच्या घरात जशाच्या तशा घडल्या, म्हणून एवढं सांगितलं.

इंग्रजीची काळजी सगळ्यांनाच लागते आणि ती दुसरीत सगळ्यात जास्त लागते. शेजारचं त्याच वयाचं मूल जाडजूड चॅप्टर बुक घेऊन बसलेलं असतं आणि आपलं मूल बोट ठेवून शब्द जुळवत असतं, भारतातून आजी फोनवर विचारते अगं हिला इंग्रजी वाचता येत नाही का, आणि रात्री झोप लागत नाही. आमच्या शाळेत किंडरगार्टनला दिवसाचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ मँडरिन असतो, मग दरवर्षी इंग्रजी वाढत जातं आणि पाचवीला अर्धंअर्धं होतं, तेव्हा दुसरीत मागे दिसणारच. लायब्ररीतून पुस्तकं आणत राहिलो, रात्री वाचून दाखवत राहिलो, वेगळी ट्यूशन लावली नाही. चौथीत ती वर्गाच्या पातळीला आली, आता सहावीत तिच्या हातातून पुस्तक सुटत नाही. मात्र मुलाला वाचनाची खरीच अडचण आहे अशी शंका आली तर “इमर्शनमध्ये असं होतंच” या उत्तरावर थांबू नका, तपासणी करून घ्या.

होमवर्कचं सांगते, कारण तिथेच आईबाप घाबरतात. वहीत मोठे चौकोन असतात, प्रत्येकाच्या आत उभी-आडवी तुटक रेघ, म्हणजे चार खण, अक्षराचा कुठला भाग कुठल्या खणात बसतो ते कळायला. रेघांचा क्रम ठरलेला असतो, आधी आडवी मग उभी, आधी वरचं मग खालचं, आणि तो चुकला की अक्षर वरवर बरोबर दिसलं तरी लाओशी परत लिहायला लावतात. मला ते तपासता येत नाही. मी शेजारी भाजी निवडत बसते आणि पान झालं की एवढंच म्हणते, आता यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांग. ती सांगते, अडते, मी शब्द पुरवते, आणि तिच्या मराठीत जी भर पडलीय त्यातली बरीच या वहीमुळे पडलीय असं मला मनापासून वाटतं.

बोलण्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. ९९ रँच या चायनीज सुपरमार्केटमध्ये मासे घ्यायला गेलो की लेक पुढे होते, पाटी वाचते, भाव विचारते, काउंटरवरचे काका खूश होतात आणि भराभरा बोलायला लागतात. पापलेट साफ करून तुकडे करून द्या, डोकं ठेवा, हे सांगायची वेळ आली तेव्हा ती थांबली, खवल्यांना काय म्हणायचं ते तिला माहीतच नव्हतं. ज्वालामुखी कसा फुटतो, पाण्याची वाफ होऊन पाऊस कसा पडतो हे ती मँडरिनमध्ये घडाघडा सांगते, कारण ते वर्गात झालंय. मासळीबाजार वर्गात होत नाही. शिवाय तिसरीपासून मुलं सुट्टीत आपसात इंग्रजीच बोलतात, लाओशींनी कितीही टोकलं तरी. म्हणून वर्गातल्या ज्या मैत्रिणीची आजी तैवानहून येऊन राहते तिच्या घरी आम्ही मुद्दाम पाठवतो, त्या आजी जेवायला वाढता वाढता जे बोलतात ते कुठल्याच फीमध्ये येत नाही.

मराठीबद्दल माझं मत पक्कं आहे. मँडरिन मराठीला खात नाही, इंग्रजी दोघींनाही खातं. घरात आधीच इंग्रजीत बोलत असाल तर तिसरी भाषा विकत घेण्याआधी ते बंद करा, तेही फुकटात होतं. आमच्याकडे घरात मराठीच, रविवारी मराठी शाळा, आणि बाराखडी तिला जड गेली नाही, हजारो अक्षरांपुढे आपली देवनागरी तिला सोपी वाटली. कॅलिफोर्नियाचा २०११ चा सील ऑफ बायलिटरसीचा कायदा आहे ना, दोन भाषा लिहिता-वाचता येतात म्हणून हायस्कूलच्या डिप्लोमावर शिक्का मिळतो तो, त्यात इंग्रजीखेरीज कुठलीही भाषा चालते. मँडरिन आणि मराठी दोन्हीचा प्रयत्न करायचं तिच्या मनात आहे.

पैसे. इथे अशा शाळांची फी वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलरच्या आसपास जाते, आफ्टरकेअर वेगळं, समर कॅम्प वेगळा, आणि वर डोनेशनचा आग्रह. क्युपर्टिनो आणि पालो अल्टोच्या पब्लिक डिस्ट्रिक्टमध्ये मँडरिन इमर्शन आहे, त्या हद्दीत राहत असाल तर आधी तिथे अर्ज करा. आमचा नंबर लागला नाही, म्हणून प्रायव्हेट.

आणि ज्याचा मला खरंच राग आला ते शिक्षक बदलण्याचं. बऱ्याच लाओशी व्हिसावर येतात, जे-वन (एक्स्चेंज व्हिसा) असेल तर साधारण तीन वर्षं, वाढवून फार तर पाच. हे शाळेला आधीच माहीत असतं. तरी एका वर्षी आमच्या लाओशी मधेच गेल्या, शाळेने शुक्रवारी संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाकला आणि पुढे महिनोन् महिने सब्स्टिट्यूट येत राहिले, त्यातल्या काहींना मँडरिन येत नव्हतं. पूर्ण फी घेऊन असं वागणं बरोबर नाही आणि आम्ही पालकांनी मीटिंग मागून तसं तोंडावर सांगितलं. दुसरं म्हणजे गळती. कुणी सोडून गेलं की तिसरीत नवं मूल घेता येत नाही कारण त्याला भाषा येत नसते, मग वर्ग लहान होत जातो आणि दोन इयत्ता एकत्र बसवतात.

तेव्हा टूरला गेलात की किंडरगार्टनची गोड गाणी ऐकून परत येऊ नका, चौथीच्या वर्गात बसू द्या म्हणा आणि सुट्टीत ती मुलं काय बोलतात ते ऐका. आत्ता पाचवीत असलेल्यांपैकी किंडरगार्टनपासूनची किती, लाओशी सरासरी किती वर्षं टिकतात, मधेच गेल्या तर कोण शिकवतं, हे तीन प्रश्न विचारा आणि आकड्यात उत्तर मागा. अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी जानेवारीत संपते, त्यामुळे टूर दिवाळीच्या आसपासच उरकून घ्या.