ल्युकेमियानंतर दहा किलोमीटर: माझा अनुभव

रेसची तयारी मी जुन्या फायलीपासून सुरू केली. सोळाव्या वर्षी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, त्यातला ए.एल.एल. हा प्रकार. उपचार अडीच वर्षं चालले. शेवटची गोळी संपून तीन वर्षं झाल्यावर पुण्यातली दहा किलोमीटरची रेस धावायची आणि त्या निमित्तानं प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) देणाऱ्यांची नावं गोळा करायची, असा बेत केला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: डॉक्सोरुबिसिन एकूण किती गेलं?

केमोतल्या या औषधानं हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ शकतो, तोही कधीकधी उपचार संपून कित्येक वर्षं झाल्यावर. फायलीत प्रोटोकॉलचं, म्हणजे उपचाराच्या आराखड्याचं नाव होतं, बेरीज कुठेच नव्हती. डिस्चार्ज कार्डं तारखेनं लावून ती मीच केली. इथे हमखास घोळ होतो. कार्डावर नुसते मिलिग्रॅम असतात, पण हिशेब लागतो बीएसएच्या, म्हणजे अंगाच्या क्षेत्रफळाच्या, दर चौरस मीटरमागे. ४५ मिग्रॅच्या चार मात्रा म्हणजे १८०. तेव्हाचं बीएसए १.५, म्हणून आकडा १२०. डॉनोरुबिसिन हे त्याच जातीचं औषधही दिलेलं असेल तर त्याची बेरीज वेगळी लिहून न्यायची, ते किती धरायचं हे डॉक्टर ठरवतात. २५० किंवा त्याहून जास्त असेल तर साधारण दर दोन वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी), १०० ते २५० असेल तर पाच वर्षांनी. छातीला रेडिएशन मिळालेलं असेल तर हे गणित बदलतं. मी सरावाआधी नवा इको करून घेतला, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि व्हिटॅमिन डी त्याच फेरीत उरकले.

हृदयाचं निभावलं, अडलं ते पावलांपाशी. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं दुसरं औषध नसांवर बसतं: बोटं बधिर होतात, पाऊल पुढून नीट उचललं जात नाही. सिमेंटच्या रस्त्यावर उजवं पाऊल फट्‌ फट्‌ आपटायचं आणि त्याच बुटाचा तळवा अंगठ्याखाली घासून गुळगुळीत झाला होता. फिजिओनं दिलेला व्यायाम साधा होता: टाचांवर चालणं, चवड्यांवर उठणं आणि दात घासताना एका पायावर तीस सेकंद. बूट अर्धा नंबर मोठे, मोजे बिनशिवणीचे. फोड आला तरी कळत नाही, म्हणून घरी आल्यावर तळव्यांचा मोबाइलवर फोटो काढून बघायचा. तळजाई टेकडीच्या दगडधोंड्यांच्या वाटा मी सोडूनच दिल्या, मैदानाचा ट्रॅक बरा.

आठवड्यात तीन दिवस, एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल, असे दहा फेरे. बोलताना वाक्य तुटलं की वेग जास्त झाला असं समजायचं. धाव वाढवत सोळा आठवड्यांत दहा किलोमीटरपर्यंत आलो. जांघेत किंवा गुडघ्यात खोल दुखत राहिलं तर ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून सोडू नये. उपचारातल्या स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, एमआरआयमध्ये कळतं.

आता जनजागृतीचं. कॅन्सरमुळे पाय गमावलेल्या कॅनडाच्या टेरी फॉक्सनं कॅन्सर संशोधनाच्या निधीसाठी १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापलं, ते सगळे सांगतात. मला त्याची मागणी जास्त शिकवून गेली: प्रत्येक कॅनेडियनकडून एक डॉलर. ‘कॅन्सरशी लढा’ वाचून कुणी काय करायचं? मी एकच गोष्ट मागायची ठरवली: प्लेटलेट. गंमत अशी की त्या मी स्वतः देऊ शकत नाही. कॅन्सर होऊन गेलेल्याचं रक्त आपल्याकडे घेत नाहीत.

टी-शर्टवरचा मजकूर पाठीवर हवा, कारण छातीवर बिब (रेसच्या नंबरचा कागद) येतो आणि मागून धावणारा दोन-तीन मिनिटं तुमची पाठच बघत असतो. तोही दोन खांद्यांच्या मधे, खाली बेल्ट झाकतो. अक्षरं पाच सेंटिमीटर उंच: ‘प्लेटलेट द्या. ४८ तासांनी पुन्हा देता येतात.’ क्यूआर कोड टी-शर्टवर छापून पैसे वाया गेले. घामानं कापड चुरगळतं, स्कॅन होत नाही. तो कार्डावर छापावा आणि बिब घ्यायच्या रांगेत वाटावा. कार्डाच्या मागे ल्युकेमियाची लक्षणं लिहिली: न उतरणारा ताप, पांढरा पडलेला चेहरा, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, हाडं दुखणं.

प्लेटलेट देणाऱ्यांच्या यादीत नाव, रक्तगट, राहण्याचा भाग आणि शेवटचं रक्तदान कधी, एवढंच घ्यावं आणि ती रक्तपेढीच्या स्वाधीन करावी. पेशंट मुलाचा फोटो ग्रुपवर फिरवू नये. मूल घरी गेल्यावरही फोन येत राहतात. बरीच नावं गळतात: वजन ५० किलोच्या आत, प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या खाली, कोपराची शीर बारीक, नाहीतर तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली. बाकीच्यांना आधीच सांगून ठेवावं की सगळं मिळून दोन तास धरा आणि प्लेटलेट वेगळ्या काढणारं मशीन चालू असताना ओठांना मुंग्या आल्या तर घाबरू नका, सिस्टरना सांगा. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटनं कॅल्शियम उतरतं, गोळी दिली की थांबतं.

प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. म्हणून रेसच्या आठवड्यात सगळ्यांना एकदम पाठवू नका. रक्तपेढीला विचारून दर दोन-तीन दिवसांनी चार-चार जण.