बिअरचा पहिला घाणा

वाढदिवसाला काय हवंय असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, साडेचार लिटरचा काचेचा बुधला. त्याला वाटलं लोणच्यासाठी. मग बुधल्यासोबत रबरी बूच, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडतो, बाहेरची हवा आत घेत नाही), हायड्रोमीटर (द्रव किती जड आहे ते सांगणारी काचेची तरंगती नळी), सायफनची नळी असं सगळं खोकं भरून आलं आणि त्याने एकदाच विचारलं, "हे कायदेशीर आहे ना?" तो स्वतः पीत नाही, म्हणजे घरात बिअर पिणारी मी एकटी, आणि हे आईला अजून नीट माहीत नाही त्यामुळे ही पोस्ट कुणी फॅमिली ग्रुपवर टाकू नका प्लीज.

तर हो, कायदेशीर आहे. आम्ही राहतो इंग्लंडात, डर्बीला. इथे १८८० पासून घरी बिअर करायला लायसन लागायचं, ते १९६३ च्या बजेटमध्ये रेजिनाल्ड मॉडलिंग नावाच्या अर्थमंत्र्याने काढून टाकलं, आता स्वतःला प्यायला पाहिजे तेवढी करा, फक्त विकायची नाही. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनो, तुम्ही मात्र हे वाचून पातेली काढू नका, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, कागदोपत्री नुसतं प्यायलाही परमिट लागतं आणि लायसनशिवाय घरी बनवणं म्हणजे सरळ गुन्हा.

इथे बहुतेक लोक सुरुवात किटने करतात. डब्यात माल्टचा घट्ट पाक असतो, तो पाण्यात कालवायचा, यीस्ट टाकायचं, तेवीस लिटर तयार. पण तेवीस लिटर मी एकटी कधी पिणार? आणि दुसरं म्हणजे तो पाक बघून मला रेडीमिक्स गुलाबजाम आठवले. मला धान्यापासून करायची होती, आणि त्याला कारण आईचं नाचणी सत्त्व.

माल्ट म्हणजे काय हे वाचताना मी मधेच थांबले, कारण हे तर मी लहानपणापासून सांगलीच्या घरात बघत आलेय! नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद भाजायची, दळायची. सातूचं, म्हणजे बार्लीचं, हेच केलं की झाला माल्ट. दाण्याला मोड येताना आत एन्झाइम तयार होतात, ते दाण्यातल्या स्टार्चची साखर करतात म्हणजे कोंबाला खायला मिळतं, आणि आपण काय करतो तर ऐन जेवायच्या वेळी त्याला वाळवून टाकतो. एन्झाइम तसेच राहतात, गरम पाणी मिळालं की परत कामाला लागतात. सत्त्वाची पेज साध्या नाचणीच्या पिठासारखी गोळा होत नाही, सैल राहते, त्याचंही कारण हेच. इतकी वर्षं प्यायले पण हे डोक्यात आलं नव्हतं.

मग ९०० ग्रॅम मॅरिस ऑटर (ही इथली सातूची जुनी नावाजलेली जात) आणि १०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, रंगाला आणि जरा कॅरमलच्या चवीला, दोन्ही भरडून मागवलं. पातेलं भारतातून आणलेलं दहा लिटरचं, ज्यात एरवी गणपतीला मसालेभात होतो. त्यात आठ लिटर पाणी सत्तर डिग्रीला तापवलं, वर नवऱ्याचा धुतलेला पंचा अंथरला आणि त्यात धान्य ओतलं, तापमान उतरून साडेसहासष्टवर आलं, तिथेच ते तासभर राहायला हवं. पासष्ट-अडुसष्टच्या मधे काम चालतं, पंचाहत्तरच्या पुढे गेलात तर एन्झाइम मरतात. धरून ठेवायचं कसं? झाकण लावून आजीची गोधडी गुंडाळली. तासाने बघितलं तर चौसष्ट. दोन अडीच डिग्रीच उतरलं होतं तासात, तेही नोव्हेंबरात, आणि आमच्या घरात हीटिंग सोळाच्या वर नसतं कारण बिल. गोधडी ती गोधडी.

वास म्हणाल तर सगळ्या घरात हॉर्लिक्स. आता स्टार्च संपला का हे कळायला नववीतला प्रयोग केला, बशीत पातेल्यातलं चमचाभर पाणी घेऊन आयोडिनचा थेंब टाकला. सुरुवातीला धान्य टाकल्या टाकल्या केला तेव्हा शाईसारखं काळंनिळं झालं होतं. तासाने टाकला तर थेंब तसाच तपकिरी. मी चमचा तोंडात घातला (आयोडिन नसलेला, घाबरू नका), उसाच्या रसासारखं गोड! साखरेचा कणही न घालता. आणि नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल.

"काय गं, एवढं मोठं पातेलं? कोण येणारे जेवायला?"

"कुणी नाही, सातूचं सत्त्व करतेय."

"पंच्यात? आणि एवढं पातळ?"

"इथे असंच करतात."

खोटं नव्हतं हो ते.

पंचा उचलून पिळला, चोथा बाजूला ठेवला, आणि पातेलं मोठ्या आचेवर. उकळी फुटायच्या वेळी हे अगदी दुधासारखं उतू येतं, फरक एवढाच की दूध ओट्यावर सांडलं तर पुसून होतं आणि हे सांडलं तर ओटा दोन दिवस चिकट राहतो, मला कसं माहीत ते विचारू नका. उकळी आली की १२ ग्रॅम हॉप्स टाकले, ईस्ट केंट गोल्डिंग्ज. वाळलेली फुलं असतात, मी त्यांच्या दाबून केलेल्या गोळ्या घेतल्या. वास थोडा कसुरी मेथीचा, थोडा संत्र्याच्या सालीचा. तासभर उकळले की कडवटपणा उतरतो पण सुवास उडून जातो, म्हणून आणखी ८ ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांत. आपण तूप जिरं वरून घालतो ना, तसं.

पाण्यात चिमूटभर जिप्समही घातलं होतं, ते राहिलंच सांगायचं. आमच्याकडून ट्रेनने पाव तासावर बर्टन आहे, बर्टन अपॉन ट्रेंट, तिथलं विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांमधून येतं, त्यात सल्फेट भरपूर, आणि त्याने हॉप्सचा कडवटपणा कसा स्वच्छ, टोकदार लागतो. दुसरीकडचे ब्रुअर पाण्यात मुद्दाम जिप्सम घालतात त्याला बर्टनायझेशन असा शब्दच आहे. (ज्याचं पीओपी होतं तेच हे जिप्सम, आईला हे कळलं तर सगळ्यात आधी ती त्यावरच बोलेल.) आणि बर्टनचा आपल्याशीही संबंध आहे, इंडिया पेल एलमधला इंडिया म्हणजे आपणच. आधी लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा ब्रुअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर बिअर पाठवायचा, १८२० च्या दशकात बर्टनचा ऑलसॉप त्यात उतरला, आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी ती पिंपं मुंबई-कलकत्त्याला लागायची. हॉप्स जास्त असले की बिअर टिकते म्हणून. भारतासाठी नवीन बिअर शोधून काढली असं सांगतात ती मात्र थाप, तशी कडवट बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती, प्रवासात टिकली एवढंच.

असो. उकळून झालं की खरं टेन्शन. उकळत असतं तोपर्यंत त्यात काही जगत नाही, पण गार व्हायला लागलं की कुठलाही जंतू येऊन मुक्काम करू शकतो. त्यामुळे बुधला, नळी, बूच, चमचा, गाळणं, सगळं सॅनिटायझरच्या पाण्यात, आणि मी नवऱ्याला ओरडतेय की सिंककडे यायचं नाही, हात लावायचा नाही, शिंकायचं तर बाहेर जाऊन शिंक. ओरडता ओरडता मला माझाच आवाज ओळखीचा वाटला. लोणचं घालायच्या दिवशी आई असंच करायची, बरणी उन्हात तापवलेली, हात कोरडे, ओला चमचा दिसला तर जीव घेईल, आणि आम्ही मुली तिच्या या सोवळ्याला मनसोक्त हसायचो.

सिंकमधे बर्फ घालून पातेलं बावीस डिग्रीला आणायला पाऊण तास लागला. यीस्ट म्हणजे विरजणच, गरम दुधात विरजण घातलं तर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. हायड्रोमीटर टाकला, १.०४५. हा आकडा म्हणजे पाण्यापेक्षा हे किती जड आहे, म्हणजे पर्यायाने साखर किती. यीस्ट ती साखर खाऊन दारू आणि गॅस करतं, तसतसा आकडा उतरतो. मग बुधल्यात ओतून, खूप हलवून, यीस्टची अर्धी पुडी. रात्री काही नाही. सकाळी काही नाही. दुपारी एअरलॉकमधून पहिला बुडूक. मी ऑफिसचा कॉल म्यूट करून नवऱ्याला हाक मारली. तिसऱ्या दिवशी तर वर तपकिरी साय चढत चढत एअरलॉकमधे घुसली, मग एअरलॉक काढून जाड नळी लावली आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं.

चोथ्याची थालीपिठं केली त्यावर दोन ओळी पुरेत. भाजणीत मिसळला तर चव छान येते. पण सालपटं संध्याकाळपर्यंत दातातून निघतात.

आता माझी चूक. दहाव्या दिवशी बुडूक बंद झालं, मी म्हटलं झाली बिअर. हायड्रोमीटर टाकला, १.०१४. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की लागोपाठ तीन दिवस आकडा तोच आला पाहिजे मगच बाटल्या भरा, पण प्रत्येक वेळी आकडा बघायला शंभर मिली बिअर काढावी लागते आणि माझ्याकडे होती जेमतेम साडेचार लिटर, माझ्यातली मराठी मध्यमवर्गीय बाई त्याला तयार होईना. शिवाय शनिवार होता, वेळ होता. बाटलीत फेस यावा म्हणून थोडी साखर घालतात, यीस्ट ती खातं, गॅस बाटलीतच कोंडला जातो. तीस ग्रॅम साखर सोनाराच्या काट्यासारखी मोजून घातली, आठ बाटल्या भरल्या, आणि ऊब मिळावी म्हणून एअरिंग कपबोर्डमधे ठेवल्या, गरम पाण्याच्या टाकीशेजारी, जिथे इस्त्रीचे कपडे असतात.

नवव्या रात्री पावणेतीनला धडाम. आम्हाला वाटलं टाकी फुटली. दार उघडलं तर काचा, आणि नवऱ्याचे पाच शर्ट बिअरने भिजलेले, ज्याने आयुष्यात कधी घोट घेतला नाही त्याचे. फुटली ती बाटली मुळात शोभेची होती, जिरेनियमची फांदी ठेवायची मी त्यात, गॅस धरायच्या लायकीची ती नव्हतीच. बाकीच्या सात हातात ओव्हनचे ग्लव्ह्ज, डोळ्यावर चुलत दिराचा सायकलचा गॉगल अशा अवतारात उचलून बागेतल्या शेडमधे नेल्या, बाहेर दोन डिग्री होतं ते बरंच झालं, गार झालं की गॅस बिअरमधे जास्त विरघळून राहतो आणि दाब उतरतो.

दुसऱ्या दिवशी एक उघडली तर अर्धी बागेला. उरलेल्यातला गॅस घुसळून घालवला आणि हायड्रोमीटर टाकला, १.०१०. म्हणजे बुडूक थांबलं होतं ते काम संपलं म्हणून नाही, सोळा डिग्रीत यीस्ट गारठून झोपलं होतं म्हणून. उबेला नेल्याबरोबर ते उठलं. हिशोब केला तर बाटल्या भरताना आत चाळीसेक ग्रॅम साखर आधीच शिल्लक होती. मी काट्याने मोजलेली तीस ग्रॅम त्याच्यावर! म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. आठच्या आठ बाटल्या फुटल्या नाहीत हेच नवल.

मग रोज संध्याकाळी शेडमधे जाऊन उरलेल्या सहाची झाकणं जराशी सैल करायची, फुस्स, परत बंद. चार दिवस. पाचव्या दिवशी एक ग्लासात ओतली, तळाचा गाळ न हलवता. रंग कोऱ्या चहाचा. फेस अजून जास्तच, ग्लासात अर्धा तोच. आधी भाजलेल्या पावाच्या कडेची चव, मग जराशी मार्मालेडची, आणि मागून कडवटपणा रेंगाळतो. साधारण साडेचार टक्के. पबमधे ही मिळाली असती तर मी दुसरी मागवली नसती, खरं सांगते. पण ही मी संपवली, आणि गाळासकट संपवली.

नवऱ्याने वास घेतला, म्हणाला शर्टांना हाच येतोय.

दुसरा घाणा सध्या जिन्याखाली आहे, या वेळी गोधडी बुधल्यालाच गुंडाळलीये. बुडूक परवाच थांबलं. काल आकडा १.०११, आज १.०११. उद्या परत शंभर मिली काढणार आहे, जीव तुटतोय पण काढणार आहे.