घाट चढणं सोपं, उतरणं अवघड

डोंगरातल्या लांब बाइक राइडची तयारी करताना बहुतेकांची सगळी काळजी चढाची असते. गाडी ओढेल का, इंजिन तापेल का, पिलियन (मागे बसणारा) आणि सामानासकट वर पोचेल का. पण चढावर गाडी कमी पडली तर होतं काय? वेग मंदावतो, फर्स्टला यावं लागतं, अगदीच झालं तर पिलियन उतरून थोडं अंतर चालतो. उतारावर ब्रेक कमी पडले तर अशी काही सोय नाही. म्हणून गाडी तयार करायची ती उताराच्या हिशोबाने.

हिशोब साधाच आहे. गाडी, चालवणारा, पिलियन आणि बॅगा मिळून 300 किलो धरा. एवढं वजन 1000 मीटर खाली उतरलं की सुमारे 29 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत आठ-नऊ लिटर गार पाणी उकळतं. घाटातल्या वेगाला हवेचा विरोध फारसा मदतीला येत नाही. उरतात दोघं, इंजिन आणि ब्रेक. यातलं इंजिनाने जेवढं घेतलं नाही तेवढं सगळं त्या तळहाताएवढ्या पॅडवर आणि पातळ डिस्कवर येतं.

गिअरचा जुना नियम आजही चालतो: जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरा. फार खडा असेल तर आणखी एक खाली. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, वेग चढल्यावर नाही. एकेक करून टाकायचा आणि क्लच सोडताना किंचित रेस द्यायची, म्हणजे मागचं चाक झटका खाऊन घसरत नाही. रेस सोडल्यावर इंजिन गुरगुरतं, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) वर राहतो, कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेल्या) गाडीत सायलेन्सरमधून फटफट आवाजही येतो. त्याला घाबरायचं कारण नाही. काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे आहे तोवर इंजिनाचं काही बिघडत नाही. जुनी टू-स्ट्रोक गाडी असेल तर मात्र एक भानगड आहे. तिला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, त्यामुळे लांब उतारावर रेस पूर्ण बंद ठेवली की आत ऑइलही कमी जातं. मध्ये मध्ये क्लच दाबून थोडी रेस मारत राहायचं.

न्यूट्रलला टाकून, किंवा इंजिनच बंद करून गाडी सोडणारे अजूनही भेटतात. पेट्रोल वाचतं म्हणे. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये असताना रेस पूर्ण सोडली की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. न्यूट्रलला टाकलं की आयडलिंगसाठी परत सुरू करतो. म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप चालतो, तेही हाती लागत नाही. आणि सगळा भार ब्रेकवर जातो तो वेगळाच.

आता ब्रेक. डिस्क ब्रेक तापून दोन प्रकारे दगा देतो आणि बोटांना त्यातला फरक कळतो. लिव्हर नेहमीसारखा कडक लागतो पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. लिव्हर स्पंजासारखा मऊ होऊन ग्रिपपर्यंत येतो, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, वाफेचे बुडबुडे दाबले जातात. म्हणून तुमच्या बोटांचा जोर पिस्टनपर्यंत पोचतच नाही. पहिल्या प्रकारात थांबून गाडी गार होऊ दिली की बहुधा काम होतं. दुसऱ्या प्रकारात गार झाल्यावर लिव्हर परत कडक लागला तरी त्या ऑइलवर विसंबायचं नाही. पहिल्या संधीला ते बदलून ब्रेक ब्लीड करून, म्हणजे नळीतली हवा काढून घ्यायचे.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि तिथेच गोम आहे. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळायला हवं, असं मानक सांगतं. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 आहे. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140. शहरात तीन-चार वर्षं तेच ऑइल चाललं तरी कळत नाही, कारण तिथे डिस्क एवढी तापतच नाही. लांब घाटात कळतं. दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदला, बाटली सीलबंदच घ्या आणि डॉट 5 चुकूनही भरू नका. ते सिलिकोनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट 5.1 वेगळं, ते चालतं. पॅडवर दोन मिलिमीटरच्या आत मटेरियल उरलं असेल तर नवे टाका. जुने फेकू नका, अडीअडचणीसाठी बॅगेत ठेवा.

मागे ड्रम असेल तर तो तापून फुगतो आणि ब्रेक शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल जास्त खाली जायला लागतं. खाली गेलं म्हणून तिथेच नट आवळला, तर ड्रम गार झाल्यावर ब्रेक घासत राहतो. आधी गार होऊ द्या, मग बघा.

वापरायची पद्धत: वेग वाढला की दोन्ही ब्रेक ठामपणे लावायचे, हवा तेवढा वेग उतरवायचा आणि पूर्ण सोडायचे. उताराभर पेडलवर पाय टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट. डिस्कला गार व्हायला उसंतच मिळत नाही. उतारावर वजन पुढे जातं, म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो आणि मागचं चाक पटकन लॉक होतं. खडीवर पुढचा ब्रेक हलक्या हाताने. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) खडीवर चाक लॉक होऊ देत नाही, पण थांबायचं अंतर वाढवतो. ते अंतर आधीच मनात धरून चाला. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ती वाकते, मग ब्रेक लावताना लिव्हर थरथरत राहतो.

हेअरपिनवर, म्हणजे यू आकाराच्या वळणावर, ब्रेकचं काम वळणाआधी संपलेलं हवं. सेकंडला, खडं असेल तर फर्स्टला, नजर वळणाच्या पलीकडे आणि हलकी रेस धरून बाहेर. वळणात क्लच दाबून ठेवला की इंजिनाचा अडसर जातो आणि नेमक्या नको त्या क्षणी गाडी वेग घेते. खालून ट्रक किंवा बस चढत असेल तर तिला वळायला पूर्ण रुंदी लागते. वळणाच्या आधीच बाजूला थांबा आणि तिला जाऊ द्या, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलणं जड जातं.

टायरच्या हवेत एक गंमत आहे, ती फार जण चुकवतात. मीटर दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. समुद्रसपाटीजवळ, 30 अंश तापमानात 29 पीएसआय भरलेला टायर 5000 मीटरवर, 5 अंशांच्या थंडीत साधारण 32 दाखवेल. हवा जास्त झाली म्हणून तिथे 29 वर आणलीत, तर खाली परत गरम हवेत आल्यावर तोच टायर 25 च्या आसपास येतो. म्हणजे भरल्या गाडीने, उतारावर, वळणांमध्ये तुम्ही मऊ टायरवर आहात. तीन-चार पीएसआय जास्त दाखवत असेल तर तसंच राहू द्या. मोठा पल्ला खडीचा असेल आणि हवा मुद्दाम कमी केली असेल, तर डांबरी उतार सुरू व्हायच्या आधी परत भरा. छोटा पंप सोबत असतो तो काही फक्त पंक्चरसाठी नाही.

इंजिनाचं थोडक्यात. 3000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के असतो, 5000 वर 54 टक्क्यांच्या आसपास. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. इंजेक्शनची गाडी पेट्रोल आपोआप कमी करते, पण गेलेली ताकद परत आणत नाही. कार्ब्युरेटरची गाडी वर रिच चालते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं), प्लग काळा पडतो, मिसिंग होतं, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतं. त्यावर लहान मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) टाकणं हा खरा उपाय, पण तो तुम्ही बरेच दिवस वरच राहणार असाल तरच. एका दिवसापुरतं वर जाऊन उतरायचं असेल तर हात लावू नका. लहान जेटवर खाली आलात की मिश्रण लीन होतं (पेट्रोल कमी पडतं), इंजिन जास्त तापतं आणि पिस्टन जाऊ शकतो. रिच गाडी कुरकुरते, लीन गाडी खर्चात पाडते. एअर फिल्टर काढून चालवायचा सल्ला तर ऐकूच नका. धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते.

पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दाताने लहान करणं मात्र मला पटतं. 15 चं 14 केलं की गिअरिंग जवळपास सात टक्क्यांनी खाली येतं. चढावर हाफ क्लच कमी लागतो आणि उतारावर इंजिन जास्त धरतं. हायवेवर आरपीएम थोडा चढा राहील, एवढं सोसायचं.

चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, बऱ्याच गाड्यांना 25 ते 35 मिलिमीटर. तेवढा ठेवला तरी बॅगा बांधून, दोघं बसून एकदा तपासाच. सस्पेन्शन दबलं की चेन ताणली जाते, आणि फार घट्ट चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. लूब दर 500 किलोमीटरला. पाणी किंवा चिखल लागला तर त्याच संध्याकाळी.

सामानात जड वस्तू खाली आणि पुढे. हत्यारं, ट्यूब, ऑइल मागच्या कॅरिअरवर टांगलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल तरंगल्यासारखं वाटतं. उतारावर बॅगा पुढे सरकतात आणि पाठीत रेटतात, म्हणून पट्टे आडवे बांधता तसे पुढे-मागेही बांधा. स्वतःचं वजन मनगटांवर घेऊ नका, टाकी गुडघ्यांत धरा. नाही तर दोन तासांत ब्रेकची बोटंच दमतात.

स्पेअरमध्ये क्लच केबल पहिली. नवी केबल जुन्या केबलला लागूनच, त्याच वाटेने नेऊन टेपने बांधून ठेवा, दोन्ही टोकं झाकून. जुनी तुटली तर टाकी न काढता पाच-दहा मिनिटांत जोडता येते. शिवाय थ्रॉटल केबल, दोन्ही लिव्हर, दोन ट्यूब किंवा ट्यूबलेस किट, प्लग, फ्यूज, चेन लॉक, एम-सील, तार आणि झिप टाय.

हिमनदीचं पाणी येणारे ओढे सकाळी कमी असतात, दुपारी बर्फ वितळून चढतात. त्यामुळे लवकर निघा. मात्र सावलीतल्या वळणांवर पहाटे काळा बर्फ (रस्त्यावर न दिसणारा पातळ थर) असतो, तेव्हा फार लवकरही नको. ओढ्यात फर्स्टला, एकसारखी रेस, मध्ये गिअर बदलायचा नाही. गाडी पाण्यात बंद पडली आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ढकला, प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी उडवा. ओढा ओलांडल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके लावून सुकवून घ्या, विशेषतः पुढे उतार असेल तर.

शरीराबद्दल एकच. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम घ्यावा. डोकं दुखून उलटी होत असेल तर आणखी वर जायचं नाही. तोल जातोय, बोलणं अडखळतंय, नुसतं बसून धाप लागतेय, तर लगेच खाली उतरायचं, पण त्या माणसाला गाडी चालवू द्यायची नाही. त्याला चारचाकीत बसवा, गाडी मागून आणता येते.

खाली पोचल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं गाडीला द्या. टायरची हवा, चेन, पॅड, स्पोक असतील तर एकेक हलवून, आणि कॅरिअर व सॅडल स्टेचे (बाजूच्या बॅगा धरणाऱ्या फ्रेमचे) बोल्ट. खडीवर सगळ्यात आधी तेच सैल होतात. निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावून बसवले तर रोज आवळावे लागत नाहीत.