पाचपैकी पाच

माळ्यावरची ट्रंक काढली ती गोधड्यांना ऊन द्यायला. तळाच्या गोधडीच्या पोटात हे एवढं भोक आणि आत उंदराचं घर. मालक खडखडाट ऐकूनच पळाला असणार. मी झाडू आणायला वळले, तर भाची उकिडवी बसून आत डोकावत होती. ती एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते.

"मावशी, थांब गं. भिंती बघ ना! पाचपैकी पाच."

घरट्यालाही गुण असतात म्हणे. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट डीकन यांनी २००६ मध्ये ही पद्धत नीट लिहून ठेवली. दिवे मालवायच्या तासभर आधी एकट्या उंदराच्या पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाची चौकोनी वडी ठेवायची. पाच सेंटिमीटरची, तीनेक ग्रॅमची. सकाळी निकाल. वडी तशीच असली तर एक. पिंजून नुसता पसारा केला असेल तर तीन. चपटी गादी झाली तर चार. अंगाच्या वर जाणाऱ्या भिंती निम्म्याहून जास्त घेराला असल्या तरच पाच. शिवाय न फाडलेला कापूस काट्यावर तोलायचा.

"तोलायचासुद्धा?"

"मग! उगाच सवलत नाही."

उंदीर स्वतः पंचवीस-तीस ग्रॅमचा. म्हणजे मला एका रात्रीत सहा-सात किलो कापूस पिंजायला बसवल्यासारखं. (यावरून माझं वजन काढू नये.) मला एक गुण पडला असता.

दातात धरायचं, पुढच्या पंजांनी ओढायचं, फाडायचं, कोपऱ्यात नेऊन भोवती रचायचं. जबडा, पंजे, मेंदू, सगळ्यांचं जमलं तर घर होतं. पार्किन्सन्ससारखा आजार असलेल्या उंदरांची वडी सकाळी बरीचशी तशीच सापडते. अर्थात दुखत असलं किंवा अंगात बरं नसलं तरी घरटं बिघडतं, म्हणून जोडीला फिरत्या दांडीवर चालवूनही बघतात. भाची हे सांगत होती आणि मी गोधडीतून ओघळणाऱ्या कापसाकडे बघत होते.

आजीच्या मांडीवर कायम कापूस असायचा. चातुर्मासात लक्षवातींचा नेम. दुपारी जेवणं झाली की आम्हा पोरांना सरकी काढायला बसवायची. स्वतः वाटीतल्या दुधात बोटं बुडवून फुलवात वळायची. खाली गोल बूड, वर सुईसारखं टोक, आणि ती ताटलीत सरळ उभी राहायची. माझी वात मात्र उचलून बाजूला ठेवायची. "ही काय वात? पडवळ आहे." तिच्याकडेही सवलत नव्हतीच.

मग एका श्रावणात तिच्याच ताटलीत पडवळं दिसायला लागली. बूड सैल, टोकाला पीळ नाही. निरांजनात ठेवली की आडवी व्हायची, भक्कन पेटून विझायची. आई म्हणाली, हल्ली कापूसच चांगला मिळत नाही. काकू म्हणाली, डोळे अधू झाले. मी वचपा काढायला एक उचलून तिला दाखवली होती. ती हसली नाही. वाटी पलीकडे सरकवून पदराला बोटं पुसत बसली.

हात थरथरायला लागले ते पुढच्या पावसाळ्यात. डॉक्टरांनी पार्किन्सन्स म्हटलं, तेव्हा घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाला आम्ही सांगत होतो, "अचानकच झालं हो."