कोपरापासून जमिनीपर्यंत: ग्वातेमालातले आठ दिवस

पहिल्या दिवशी रचलेली पहिली चूल आम्हाला दुपारी मोडावी लागली. आमच्या गटातल्या दोन इंजिनियर पोरांनी कागदावरची आकृती बघून थर चढवले होते, ओळंब्यात, अगदी सुबक. मग घरच्या बाई चुलीपुढे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तवा त्यांच्या बरगड्यांशी आला. उंची जेमतेम पावणेपाच फूट. भाकऱ्या थापायच्या तर पाटावर उभं राहायला हवं! माएस्त्रो काही बोलले नाहीत. खिशातून टेप काढली, बाईंच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि वरच्या दोन थरांकडे बोट दाखवलं. माती ओली होती म्हणून विटा वाचल्या.

माएस्त्रो म्हणजे आपला मेस्त्री. आपल्याकडे तो शब्द पोर्तुगीजांकडून आला, तिकडे स्पॅनिशमधून, पण घराणं एकच. पगार हाही तसाच, तिथे ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. पाव मागायचा तर ‘पान’ म्हणा, मिळतो. माझ्या स्पॅनिशची मजल इथपर्यंतच आहे.

तर ठिकाण: ग्वातेमाला देशातलं सान हुआन कोमालापा, चिमाल्तेनांगो प्रांतातलं डोंगरावरचं गाव. निमित्त: ह्यूस्टनच्या आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, मार्चमधली मिशन ट्रिप, कॉलेजच्या सुट्टीत धरलेली. काम: धूर बाहेर नेणाऱ्या चुली बांधणं. बारा जणांत मराठी आम्ही दोघीच, मी आणि माझी लेक. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी विचारलं म्हणून लिहिते आहे. डलास आणि न्यू जर्सीकडच्या आपल्या माणसांनाही उपयोग होईल.

मी नगरची. आमच्या घरात धर्म आला तो मिशनमधूनच. आजी बायबलबाई होती, खेडोपाडी फिरून बायकांना वाचायला शिकवायची. त्यामुळे ‘मिशनला जाणं’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे सिंथिया फरार बाई येतात. १८२७ साली मुंबईत उतरल्या, मुलींच्या शाळा काढल्या, पुढे नगरला आल्या आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. मराठी शिकून, आयुष्य काढून. आणि आम्ही आठ दिवसांसाठी निघालेलो, त्यातले दोन विमानाचे. विमानतळावर सगळ्यांनी सारख्या रंगाचे टीशर्ट घातले तेव्हा मला खरं सांगायचं तर लाजच वाटली. घेणाऱ्यांच्या घरातली मी, देणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले की पाय जरा अडखळतो.

आता कामाचं.

भारतीय पासपोर्ट असेल तर तिकीट काढण्याआधी व्हिसाचं बघा. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आहे म्हणून आपोआप चालेल असं गृहीत धरू नका, वकिलातीकडून लेखी घ्या आणि छापून जवळ ठेवा. गटाचं सगळं काम बघणारा माणूस बहुधा अमेरिकन नागरिक असतो, त्याला हा प्रश्न पडतच नाही.

ह्यूस्टनहून विमान तीन तासांचं. राजधानीतून कोमालापा ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, पण चिमाल्तेनांगोच्या गर्दीत दुपार जाते. आम्हाला साडेतीन तास लागले. मोठा रस्ता सारागोसाजवळ सोडला की वळणं सुरू होतात. गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसा. गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे. मार्चमध्ये दुपारी ऊन, रात्री कुडकुडायला होतं. ‘सेंट्रल अमेरिका म्हणजे गरम’ या हिशेबाने आलेल्यांनी पहिल्याच रात्री एकमेकांची जॅकेटं पळवली.

कपड्यांचं अजून एक. संध्याकाळच्या उपासनेला, तिथे तिला ‘कुल्तो’ म्हणतात, बायका स्कर्ट घालून येतात. तिथल्या चर्चच्या पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, आम्हाला सांगितलं नाही, ते सांगणारही नाहीत. पण एक लांब स्कर्ट किंवा सलवार-कमीज ठेवाच. माझा पंजाबी ड्रेस बघून तिथल्या बायकांनी ओढणीचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं. त्या स्वतः कमरेला बांधायच्या मागावर विणलेला ‘विपील’, म्हणजे सैल ब्लाउज, घालतात. रंग असे, की आपली इरकलही मागे पडेल. विकत घेणार असाल तर विणणारीकडून घ्या आणि घासाघीस करू नका. एकेकाला महिने लागतात.

जुने कपडे आणि औषधांच्या पेट्या नेऊ नका. आमच्या दोन बॅगा कस्टमवाल्यांनी उघडल्या, औषधांची बॅग तिथेच राहिली, आणि एका माणसाचा अख्खा दिवस तिच्यामागे गेला. हातोडी, थापी, हातमोजे गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पैसा गावात राहतो तो वेगळाच. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. दुमडलेली, पेनाची रेघ असलेली नोट बँक परत करते. एका डॉलरला साडेसातच्या वर केत्साल मिळतात. सुटे ठेवा.

नळाचं पाणी दात घासायलाही वापरू नका, बाटलीबंद घ्या. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या टोपलीत टाकायचा. भारतात वाढलेल्यांना हे दोन्ही समजावं लागत नाही, अमेरिकेत वाढलेल्यांना रोज. निघण्याआधी टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ची लस घ्या. तरी पोट बिघडलंच तर मेडिकलच्या दुकानात ‘सुएरो’ म्हणा, आपलं मीठ-साखरेचं पाणी मिळेल. बारापैकी पाच जणांनी ते प्यायलं.

माझी लेक शाकाहारी. तिने ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करून ठेवलं होतं. पहिल्या जेवणात बाईंनी हसतमुखाने कोंबडी वाढली. तिथे कार्ने म्हणजे गाई-डुकराचं. कोंबडी त्यात मोजत नाहीत. तेव्हा ‘नी पोयो’, कोंबडीही नको, हे शेपूट जोडायला विसरू नका. बाकी काळे घेवडे, अंडी, तळलेली केळी आणि मक्याच्या भाकऱ्या एवढ्यावर आठ दिवस सुखाने निघतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, धुतात आणि दळतात. दगडी पाट्यावर वाटणाऱ्या आजीबाईही पाहिल्या. भाकरी लहान, जाड, दोन्ही तळव्यांत थापायची. मला वाटलं, आपल्याला काय, जमेल. माझी फाटली. बाजूच्या सात वर्षांच्या मुलीने ती उचलली, मिटवली, पुन्हा थापली आणि तव्यावर टाकली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

जेवण तिखट नसतं, मिरची बाजूला ठेवलेली असते. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती. यजमानीणबाईंनी चिमूटभर भाकरीवर घेतली, चावली, आणि विचारलं, ‘मानीया?’ शेंगदाणाच. लसूण जास्त झाला, असंही म्हणाल्या. खरं होतं ते.

चुलीबद्दल जरा सविस्तर, कारण जाणार ते यासाठीच. त्यांची जुनी चूल म्हणजे तीन दगड, जमिनीवर, घरात. वर पत्रा. भिंत अशी काळी, की बोट लावलं तर निघत नाही, चकाकते. आजीच्या नगरच्या स्वयंपाकघराची भिंत अशीच होती आणि तिचा खोकलाही. नव्या चुलीला खाली सिमेंटचे ठोकळे, मध्ये विटांची जळणाची पेटी, वर लोखंडी जाड पत्रा, आणि छपरातून बाहेर काढलेली पत्र्याची नळी. छपराचं भोक कापणं हे सगळ्यांत नाजूक काम. नीट बुजवलं नाही तर पावसाळ्यात चुलीत पाणी. ते माएस्त्रोंनाच करू द्या. आमचं काम गारा कालवणं, ठोकळे वाहणं, विटा भिजवणं. त्यांच्या हाताखाली दोघं असले की काम पळतं, पाच झाले की थांबतं. बाकीच्यांनी काय करायचं? आमच्यातल्या चौघांना रोज हाच प्रश्न पडायचा, मग ते मुलांशी फुटबॉल खेळायचे आणि हरायचे.

चिमणी बसवली की सगळं झालं, असंही नाही. याच देशात सान मार्कोस भागात अशा चुलींची मोठी वैद्यकीय चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली आले: बाळांच्या वाट्याचा धूर साधारण निम्मा झाला, गंभीर न्यूमोनिया कमी झाला, पण एकूण न्यूमोनियातला फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. निम्मा धूर म्हणजेही धूरच. दुसऱ्या घरातल्या बाईंनी तर स्पष्ट सांगितलं, तीन दगड मी ठेवणार. मक्याचं मोठं भांडं या पत्र्यावर बसत नाही, आणि रात्री सगळे शेकायला कुठे बसतील? आमच्यातल्या एका काकांना हे रुचलं नाही. त्यांना कुणीतरी पुण्याच्या थंडीत शेगडीशिवाय बसवायला हवं.

हिशेबही सांगते. माणशी साडेचौदाशे डॉलर, बारा जणांचे सतरा हजार चारशे. चुली झाल्या नऊ. एकीचं सामान दीड-दोनशे डॉलरचं. नुसते पैसे पाठवले असते तर शंभराच्या आसपास झाल्या असत्या, मेस्त्रीची मजुरी धरली तर थोड्या कमी. हा प्रश्न मी तिथल्या पाळकांना विचारला. ते म्हणाले, पैसे या वर्षी आले असते, पुढच्या वर्षी आले नसते. माणसं येऊन गेली की त्यांना आमची नावं आठवतात. उत्तर पूर्ण पटलं नाही, खोटंही वाटलं नाही.

चूल कुणाला, हे गावातली समिती ठरवते. घरच्यांनी वाळू आणायची आणि थोडे केत्साल भरायचे. नऊपैकी तीन घरं कॅथलिक होती, आमच्या पंथाची नव्हेत. आमच्या बसमध्ये यावर कुजबुज झाली, ‘मग साक्ष कशी होणार?’ साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल चारचौघांत सांगणं. मी गप्प बसणारी नाही. दुष्काळात मिशनने धान्य दिलं म्हणून ‘भाकरीसाठी बाटले’ हे आमच्या नगरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं आहे, शाळेत मीसुद्धा. चुलीच्या बदल्यात उपासनेला या, असं एकदा जरी म्हटलं, तर तोच टोमणा या मुलांच्या नशिबी लिहून याल, एवढं बोलले. पुढचा अर्धा तास बसमध्ये कुणी गाणं म्हटलं नाही.

आणि जाण्याआधी इतिहास वाचा. इथे १९६० ते १९९६ यादवी चालली, मारले गेलेले बहुतेक माया, म्हणजे इथले मूळ रहिवासी. १९८२-८३ मध्ये, हत्याकांड टोकाला असताना, सत्तेवर असलेले जनरल रिओस माँत स्वतः आपल्यासारखेच इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्ता सांगत फिरणाऱ्या पंथाचे ख्रिस्ती होते. २०१३ साली त्यांना वंशहत्येबद्दल शिक्षा झाली आणि दहा दिवसांत वरच्या कोर्टाने ती रद्द केली. कोमालापाच्या बाहेर लष्कराच्या जुन्या छावणीच्या जागेत दोनशेहून अधिक मृतदेह उकरून काढले गेले, आता तिथे स्मारक आहे. गावातल्या दफनभूमीच्या भिंतीवर हा सगळा काळ आणि ४ फेब्रुवारी १९७६ चा भूकंप चित्रांत काढलेला आहे. भिंतीच्या कडेने सावकाश चाला. कुणाला ‘तुमच्या घरात काय झालं’ असं विचारू नका. एका बाईंनी आपणहून सांगितलं, तेव्हा भाषांतर करणारा मुलगाच मध्ये थांबला.

फोटो विचारल्याशिवाय नको, लहान मुलांचा तर नकोच. परदेशी लोक मुलं पळवतात ही भीती इथे जुनी आहे. परदेशी दत्तकाचा व्यवहार इतका बोकाळला होता की तो कायद्याने बंद करावा लागला. गोळ्या-चॉकलेटंही वाटू नका.

कुल्तो दोन-अडीच तासांचा. सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. आपल्या नगरच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, शिस्तीची सवय असेल तर पहिल्यांदा दचकायला होतं. गावात बोलतात ती काक्चिकेल, देशातल्या बाविसेक माया भाषांपैकी एक. म्हणजे तुमची इंग्रजी साक्ष आधी स्पॅनिशमध्ये आणि मग काक्चिकेलमध्ये जाणार. दहा मिनिटांची अर्धा तास होते. तीन मिनिटांची लिहा, विनोद गाळा. ‘माट्योश’ एवढा एक शब्द शिका, म्हणजे आभार. स्पॅनिशमधल्या ‘ग्रासियास’ला मान डोलते, ‘माट्योश’ला सगळी बाकं हसतात. मला मराठीत गायला लावलं. मी आजीचं एक भजन म्हटलं, टाळ नव्हते, तर मागच्या बाकावरच्या मुलाने लाकडी बाकावर ठेका धरला. बरोबर धरला.

शेवटचा दिवस आन्तिग्वा या जुन्या शहरात. ईस्टरआधीचा उपवासकाळ असल्याने मिरवणुकीसाठी रस्त्यावर रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचे गालिचे घालत होते. रांगोळीच, फक्त साचे लावून आणि बोळभर लांब. कॉफी चांगली, भाव पर्यटकांचे.

परत आल्यावर महिन्याने समितीचा निरोप आला. नऊही चुली पेटतात. दोन चिमण्या काजळीने तुंबल्या होत्या, माएस्त्रोंनी झाडल्या. पुढच्या वेळी येताना नळी झाडायचे लांब दांड्याचे ब्रश आणा, गावात चांगले मिळत नाहीत. आणि बारा जण नकोत, सहा पुरेत.